लोकांचा क्वार्टरबॅक : जॉनी युनायटस

अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ खेळला जातो, त्याचा आपल्या फुटबॉलशी संबंध नावापुरताच आहे. चेंडू अंड्यासारखा लांबट, आणि पायापेक्षा हाताचे काम अधिक. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी आणि शंभर यार्डांचे मैदान. चेंडू ज्यांच्या ताब्यात असेल त्यांनी चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकता आले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. असे करत करत समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की झाला टचडाउन, त्याचे सहा गुण. तिथवर पोचणे जमत नसेल तर लांबून लाथेने चेंडू दोन उभ्या खांबांमधून धाडायचा, त्याचे तीन गुण. आपल्या कबड्डीतली झटापट आणि बुद्धिबळातला डाव एकत्र केला तर जे होईल, तसा हा खेळ आहे.

या खेळात क्वार्टरबॅक हा गडी सर्वांचा सूत्रधार. जवळजवळ प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू होतो. चेंडू हातात आल्यापासून तीनएक सेकंदांत त्याला ठरवावे लागते, की तो शेजारच्या धावणाऱ्या गड्याला द्यायचा, दूरवर धावत गेलेल्या साथीदाराकडे फेकायचा, की स्वतःच घेऊन पळायचे. तेवढ्यात समोरचे धिप्पाड गडी त्याला लोळवायला धावून येत असतात. आज प्रशिक्षक बाजूला उभा राहून बिनतारी यंत्राने क्वार्टरबॅकच्या कानात डाव सांगतो. पण पूर्वी बहुतेक डाव क्वार्टरबॅकच ठरवीत असे. म्हणून जिंकल्यावर श्रेय त्याचे आणि हरल्यावर खापरही त्याच्याच माथी. आपल्याकडे क्रिकेटचा सामना हरला की चहाच्या टपरीपासून प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत जो तो कर्णधाराचा न्यायाधीश होतो. तिकडे तोच मान, किंवा अपमान म्हणा, क्वार्टरबॅकच्या वाट्याला येतो.

अशा हजारो न्यायाधीशांच्या कोर्टात ज्याचा खटला आयुष्यभर चालला, आणि मृत्यूला वीस वर्षे उलटून गेली तरी ज्याच्याविषयीचा वाद मिटलेला नाही, अशा एका खेळाडूची ही जीवनकथा आहे. त्याचे नाव जॉनी युनायटस.

युनायटसचा जन्म ७ मे १९३३ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात झाला. घराणे मूळचे लिथुआनियाचे. वडिलांचा घरोघरी कोळसा पोचवण्याचा लहानसा धंदा होता. जॉनी अवघा पाच वर्षांचा असताना वडील वारले. चार लेकरे पदरात आणि काळ मंदीचा. आईचे नाव हेलन. त्या माउलीने कोळशाचा धंदा चालू ठेवला, रात्री कचेऱ्या झाडल्या-पुसल्या आणि त्यातूनच वेळ काढून हिशेबनीस होण्याचे शिक्षण घेतले. पुढे तिने त्याच कामावर घर चालवले. वाणिज्य शाखेच्या आम्हा विद्यार्थ्यांना जमाखर्च म्हणजे परीक्षेचा एक पेपर वाटतो. या विधवेला त्याच जमाखर्चाने चार मुलांच्या तोंडी घास दिला. युनायटस पुढे कितीही मोठा झाला तरी त्याच्या बोलण्या-वागण्यात बडेजाव आला नाही, याचे मूळ या घरात असावे असे वाटते.

शाळेत असताना तो क्वार्टरबॅक म्हणून चमकला. नोत्र दाम या नामांकित विद्यापीठाकडून खेळावे असे त्याचे स्वप्न होते. पण तिथल्या मंडळींना हा पोरगा फारच किडकिडीत वाटला. या धिप्पाडांच्या खेळात तो जेमतेम ६५-६६ किलो वजनाचा होता. अखेर १९५१ साली केंटकी राज्यातील लुईव्हिल विद्यापीठाने त्याला घेतले. तिथला संघ बेताचाच होता. युनायटस चढाईतही खेळे आणि बचावातही. पराभव बरेच पदरी पडले, पण मार खाऊन पुन्हा उभे राहण्याची सवय त्याला तिथेच लागली.

१९५५ साली व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंची निवड केली तेव्हा नवव्या फेरीत, म्हणजे एकूण १०१ खेळाडू निवडले गेल्यावर, त्याच्याच गावच्या पिट्सबर्ग स्टीलर्स संघाने त्याचे नाव घेतले. गावचा मुलगा गावच्या संघात गेला! पण हा आनंद फार दिवस टिकला नाही. सरावाच्या शिबिरात त्याला एकाही सामन्यात मैदानावर पाऊल ठेवू दिले नाही, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वीच घरी धाडले. एवढे डाव ध्यानात ठेवण्याइतकी याची बुद्धी नाही, असे प्रशिक्षकांचे मत झाले होते म्हणतात. ज्याची बुद्धी पुढे सबंध अमेरिकेने वाखाणली त्याच्याविषयी दिलेला हा पहिला निकाल. तो तज्ज्ञांनी दिलेला होता, हे विशेष.

तोपर्यंत त्याचे लग्न झाले होते आणि घरी तान्हे बाळ होते. पोटासाठी तो इमारतींच्या बांधकामावर मजुरी करू लागला. खेळाची हौस मात्र जाईना. ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या एका स्थानिक संघाकडून तो खेळू लागला. मैदान ओबडधोबड, प्रेक्षक मूठभर आणि बिदागी सामन्याला सहा डॉलर. ज्याला व्यावसायिक संघाने नाकारले, त्याने गल्लीतल्या मैदानावर सहा डॉलरसाठी हाडे मोडून घ्यावीत, हे शहाण्या माणसाला वेडेपणाचेच वाटेल. पण हा वेडेपणा नसता तर पुढची कथाच घडली नसती.

१९५६ साली बाल्टिमोर कोल्ट्स या संघाने त्याला चाचणीसाठी बोलावले. कोल्ट म्हणजे शिंगरू. या संघाला युनायटसचे नाव कसे कळले याची एक आख्यायिका आहे. कोणा एका चाहत्याने प्रशिक्षक वीब यूबँक यांना पत्र लिहून या पोराकडे लक्ष वेधले, अशी ती कथा. ते पत्र युनायटसनेच लिहिले असेल, अशी थट्टा यूबँक पुढे करीत. खरे-खोटे काही असो. त्याच्या कथेत पहिली शिफारस चाहत्याने केली असे लोकांना सांगावेसे वाटले, यातच त्याचे आणि लोकांचे नाते दिसते. वर्षाला ७,००० डॉलर पगारावर करार झाला.

बाल्टिमोर हे गोदीचे, पोलादाच्या कारखान्यांचे आणि चिकटून बांधलेल्या विटांच्या घरांचे शहर. वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फिया यांच्या मधोमध असल्याने थोडे झाकोळलेले. तिथला आधीचा संघ १९५० नंतर मोडला होता. नवा संघ हवा असेल तर सबंध हंगामाची १५,००० तिकिटे आगाऊ खपवून दाखवा, अशी अट लीगने घातली. बाल्टिमोरकरांनी ती पाच आठवड्यांच्या आत पुरी केली आणि १९५३ साली संघ मिळवला. म्हणजे हा संघ त्या गावाने जवळजवळ वर्गणी काढूनच आणला होता. मेमोरियल स्टेडियम वस्तीतच होते आणि खेळाडूही सामान्य लोकांच्या शेजारीच राहत. अशा गावातल्या चाहत्याचे प्रेम तसे आणि रागही तसाच.

पहिल्या हंगामात मुख्य क्वार्टरबॅक जॉर्ज शॉ याचा पाय शिकागो बेअर्सविरुद्धच्या सामन्यात जायबंदी झाला आणि युनायटसला पाचारण झाले. त्या सामन्यातली त्याची पहिलीच फेक प्रतिपक्षाच्या गड्याने मध्येच झेलली आणि थेट टचडाउन केला! मागोमाग साथीदाराच्या हाती चेंडू देताना तो निसटला, तोही बेअर्सनी उचलला. सामना ५८-२७ असा गमावला. त्या संध्याकाळी त्याच्या भवितव्याविषयी कोणी मत विचारले असते तर स्टीलर्सच्या प्रशिक्षकांचेच खरे ठरले असते. पण तो डगमगला नाही. पुढचे सामने त्यानेच खेळले. त्या हंगामाच्या अखेरीस, डिसेंबर १९५६ मध्ये, एका अशा विक्रमाची सुरुवात झाली की ज्याची त्या वेळी कोणी दखलही घेतली नसेल. तिथून पुढे सलग ४७ सामन्यांत त्याने प्रत्येक सामन्यात निदान एक टचडाउनची फेक केली. डिसेंबर १९६० मध्ये ही माळ तुटली. विक्रम मात्र २०१२ साली ड्रू ब्रीज याने मोडेपर्यंत टिकला, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ.

त्याच्या खेळाची तऱ्हा काय होती? उंची सहा फूट एक इंच, खांदे किंचित पुढे झुकलेले, पाय थोडे फाकलेले, केस सैनिकासारखे बारीक कापलेले, पायात घोट्यावर चढणारे काळे बूट. पाहणाऱ्याला हा खेळाडू न वाटता कारखान्याच्या पाळीवर निघालेला कामगार वाटावा. पण अंगावर धिप्पाड गडी धावून येत असतानाही तो जागचा हलत नसे. साथीदार मोकळा होईपर्यंत थांबायचा, मग चेंडू सोडायचा, आणि मग मार खायचा. हा त्याचा शिरस्ता. रेमंड बेरी हा त्याचा जोडीदार. सराव संपून बाकीचे घरी गेल्यावर हे दोघे मैदानावर थांबत आणि एकच फेक पुन्हा पुन्हा घोटत. बेरी अमुक पावलांवर वळणार हे त्याला डोळे मिटून ठाऊक असे. लोकांना जी जादू वाटे ती या संध्याकाळच्या घोटवणीतून आलेली होती.

१९५८ च्या नोव्हेंबरात ग्रीन बे संघाविरुद्ध त्याच्या बरगड्या मोडल्या. दोन सामने बाहेर बसून तो परतला. त्याच महिन्याच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला ७-२७ अशी पिछाडी असताना कोल्ट्सनी तो सामना ३५-२७ असा जिंकला आणि अंतिम फेरी गाठली. बाल्टिमोरचे जुने लोक यालाच सर्वोत्तम सामना म्हणत. जगाने मात्र पुढचा सामना लक्षात ठेवला.

तो २८ डिसेंबर १९५८ चा. न्यूयॉर्कचे यांकी स्टेडियम, समोर न्यूयॉर्क जायंट्स आणि मैदानात ६४,१८५ प्रेक्षक. दूरचित्रवाणीवर सुमारे साडेचार कोटी लोक पाहत होते. कोल्ट्सनी मध्यंतरापर्यंत १४-३ अशी आघाडी घेतली होती, पण जायंट्स उलटले आणि १७-१४ असे पुढे गेले. शेवटची दोनएक मिनिटे उरलेली आणि चेंडू कोल्ट्सच्या स्वतःच्या १४ यार्डांच्या रेषेवर. युनायटसने बेरीला लागोपाठ तीन फेकी केल्या. तिन्ही त्याने झेलल्या. अवघे सात सेकंद बाकी असताना लाथेने तीन गुण मिळाले आणि सामना १७-१७ असा बरोबरीत आला. अजिंक्यपदाचा सामना जादा वेळेत जाण्याची ही पहिलीच वेळ. जो आधी गुण मिळवील तो जिंकणार होता. जायंट्सचा पहिला प्रयत्न फसला. मग युनायटसने तेरा डावांत ८० यार्ड कापले. अगदी रेषेजवळ आल्यावर त्याने एक फेक केली. ती प्रतिपक्षाने पकडली असती तर सगळेच हातचे गेले असते. तीन गुणांची सोपी लाथ मारून सामना संपवता आला असता, हा धोका कशाला पत्करला, असे पुढे किती तरी लोकांनी विचारले. त्याचे म्हणणे असे की, आपण काय करतो आहोत हे ज्याला ठाऊक असते त्याला त्यात धोका दिसत नाही. पुढच्याच डावात अ‍ॅलन अमीची याने एक यार्ड घुसून टचडाउन केला. कोल्ट्स २३-१७ असे विजयी झाले. युनायटसने ४० पैकी २६ फेकी यशस्वी करून ३४९ यार्ड मिळवले होते. संघ परतला तेव्हा विमानतळावर हजारो लोक लोटले. व्यावसायिक फुटबॉल अमेरिकेच्या घराघरात पोचला तो या सामन्याने, असे मानले जाते. ज्याला तीन वर्षांपूर्वी सहा डॉलर मिळत होते, तोच या सोहळ्याच्या मध्यभागी होता.

पुढच्या वर्षी कोल्ट्सनी बाल्टिमोरमध्येच जायंट्सना ३१-१६ असे हरवून अजिंक्यपद राखले. त्या १९५९ सालच्या बारा सामन्यांत युनायटसने ३२ टचडाउनच्या फेकी केल्या. एका हंगामात तिशी ओलांडणारा तो पहिलाच. १९५९, १९६४ आणि १९६७ अशी तीन वर्षे लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला.

पण चढाला उतार असतोच. साठच्या दशकात ग्रीन बेच्या बार्ट स्टारने पाच अजिंक्यपदे मिळवली. युनायटसच्या हाती त्या दशकात १९५९ नंतरचे एकही आले नाही. १९६४ च्या अंतिम सामन्यात क्लीव्हलँडने कोल्ट्सना ०-२७ असे धुतले. १९६७ साली अकरा विजय, एक पराभव आणि दोन बरोबरी असूनही बाद फेरीत प्रवेश मिळाला नाही, कारण शेवटचा सामना नेमका हरला. चाहत्यांत दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, आकडे कितीही असोत, जो जिंकतो तो मोठा. दुसरा पक्ष म्हणे, स्टारला संघ कसा मिळाला तेही पाहा. दुसऱ्या पक्षाकडे एक चांगला पुरावा होता. १९६५ साली ग्रीन बेशी निर्णायक गाठ पडली तेव्हा युनायटस जायबंदी होता. त्याचा बदली खेळाडूही जायबंदी, आणि टॉम मॅट नावाच्या धावणाऱ्या गड्यालाच क्वार्टरबॅक म्हणून उभे करावे लागले. तरीही तो सामना जादा वेळेत १०-१३ असा जेमतेमच गेला.

१९६८ साली कोपराच्या दुखापतीने त्याला बाहेर बसवले. त्याच्या जागी आलेल्या अर्ल मोरॉलने संघाला चौदापैकी तेरा सामने जिंकून दिले आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानही मिळवला. जानेवारी १९६९ मध्ये तिसऱ्या सुपर बोलमध्ये न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध कोल्ट्सच जिंकणार असे सर्वांनी धरले होते. जेट्सचा क्वार्टरबॅक जो नेमथ हा युनायटसच्याच मुलुखातला, पण स्वभावाने दुसरे टोक. लांब केस, पांढरे बूट, चार लाखांहून अधिक डॉलरचा करार, आणि आपण जिंकणार म्हणून जाहीर हमी देणारी जीभ. आणि गंमत अशी, की जेट्सचे प्रशिक्षक होते तेच यूबँक, ज्यांनी युनायटसला हात दिला होता. पहिल्या अर्ध्यात मोरॉलच्या तीन फेकी प्रतिपक्षाने पकडल्या. युनायटसला फार उशिरा मैदानात उतरवले. दुखऱ्या हाताने त्याने कोल्ट्सचा एकमेव टचडाउन घडवला, पण सामना ७-१६ असा गेला. त्याला मध्यंतरालाच उतरवले असते तर काय झाले असते? बाल्टिमोरमध्ये हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे चघळला गेला. त्याचे उत्तर कोणाकडेही नसल्यामुळेच तो इतका टिकला.

दोन वर्षांनी, जानेवारी १९७१ मध्ये, कोल्ट्सनी डॅलसला १६-१३ असे हरवून सुपर बोल जिंकला. युनायटसची ७५ यार्डांची एक टचडाउनची फेक त्यात होती. पण तो जखमी होऊन मध्येच बाहेर गेला. आता तो अडतिशीकडे झुकला होता.

१९७२ साली संघाची मालकी रॉबर्ट अर्से यांच्याकडे आली. नव्या कारभाऱ्यांनी युनायटसला बाकावर बसवण्याचा हुकूम काढला. उगवत्या सूर्याला नमस्कार करण्याची रीत सगळीकडे सारखीच. ३ डिसेंबर १९७२ रोजी बाल्टिमोरच्या मैदानावर बफेलोविरुद्ध त्याचा कोल्ट्सकडून अखेरचा घरचा सामना होता. आकाशातून एक विमान त्याच्या नावावर कोटी केलेला फलक ओढत फिरत होते. तरुण क्वार्टरबॅकला लागले म्हणून युनायटस उतरला, आणि त्याची फेक ६३ यार्डांच्या टचडाउनमध्ये बदलली. पुढच्याच महिन्यात कोल्ट्सनी त्याला दीड लाख डॉलरना सॅन दिएगो संघाला विकून टाकले. तिथे तो काही सामने खेळला, पण हात साथ देईना. १९७४ साली त्याने निवृत्ती घेतली. १९७९ साली व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली.

आता जमाखर्चाकडे वळू. युनायटसने एकूण ५,१८६ फेकी केल्या, त्यांपैकी २,८३० यशस्वी. मिळवलेले अंतर ४०,२३९ यार्ड. चाळीस हजारांचा टप्पा ओलांडणारा तो पहिलाच. टचडाउनच्या फेकी २९०, आणि प्रतिपक्षाने पकडलेल्या २५३. आजचा एखादा चाहता या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, टॉम ब्रेडीने ६४९ टचडाउनच्या फेकी केल्या आणि त्याच्या केवळ २१२ पकडल्या गेल्या, मग युनायटस मोठा कसा? प्रश्न चुकीचा नाही, पण वेगवेगळ्या सालांतील रुपये बाजारभाव न पाहता एकाच रकान्यात मिळवावेत, तसा आहे. १९६० पर्यंत हंगाम बारा सामन्यांचा असे. तो १९६१ पासून चौदा, १९७८ पासून सोळा आणि २०२१ पासून सतरा सामन्यांचा झाला. १९७८ साली नियम बदलले. त्याआधी झेलणाऱ्या गड्याला बचाव करणारे मैदानभर ढकलू शकत, आणि क्वार्टरबॅकच्या रक्षकांना हात पसरून अडवण्याची मुभा नव्हती. त्या काळातल्या नेमथच्या खात्यावरही १७३ टचडाउन आणि २२० पकडलेल्या फेकी आहेत. उलट १९६९ साली, लीगला पन्नास वर्षे झाली तेव्हा निवडलेल्या संघात, क्वार्टरबॅक म्हणून युनायटसचेच नाव होते. तेव्हा आकड्यांना त्यांच्या सालासह वाचावे, हे उत्तम.

परंतु युनायटसच्या थोरवीचा खरा हिशेब मैदानाबाहेर लागला. २९ मार्च १९८४ च्या पहाटे, बर्फ पडत असताना, अर्से यांनी सामान वाहणारे ट्रक बोलावले आणि सबंध संघ इंडियानापोलिसला हलवला. बाल्टिमोर जागे झाले तेव्हा संघ गेलेला होता. वर्गणी काढल्यासारखी तिकिटे खपवून आणलेला संघ! नाव गेले, शिंगराच्या नालाचे चिन्ह गेले, आणि नोंदींच्या वहीसोबत युनायटसचे विक्रमही कागदोपत्री इंडियानापोलिसचे झाले. युनायटसने या नव्या कोल्ट्सशी संबंध तोडला. आपली नोंद बाल्टिमोरच्याच नावाने राहावी, असा आग्रह त्याने हॉल ऑफ फेमकडे धरला. जे चाहते बारा वर्षांपूर्वी त्याच्या निरोपाला जमले होते, त्यांच्या निरोपाच्या वेळी तो त्यांच्यासोबत उभा राहिला. संघ नसलेल्या त्या गावात कोल्ट्सचे वाद्यवृंद पथक मात्र वाजतच राहिले. संघ गेला त्या वेळी त्यांचे गणवेश धुलाईच्या दुकानात होते, म्हणून ते वाचले!

जमाखर्चाच्या पुस्तकात ख्याती नावाचे एक खाते असते. इमारत, यंत्रे आणि माल यांच्यापलीकडे, गिऱ्हाइकांच्या विश्वासामुळे धंद्याला जी किंमत येते, ती ख्याती. धंदा विकला की तीही त्याच्याबरोबर जाते, असे पुस्तक सांगते. बाल्टिमोरच्या बाबतीत हे पुस्तक खोटे ठरले. मालकाने सारे काही ट्रकात भरले, पण ख्याती मागेच राहिली, कारण ती एका माणसाच्या नावावर होती आणि त्या माणसाने गाव सोडले नाही. १९९६ साली क्लीव्हलँडचा संघ उठून बाल्टिमोरला आला आणि रेव्हन्स झाला. हा न्याय नव्हे, एका गावाचे दुःख दुसऱ्या गावाच्या गळ्यात घातले गेले, असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही. मात्र या वेळी संघाचे जुने नाव आणि विक्रम क्लीव्हलँडकडेच राहू दिले. युनायटस रेव्हन्सच्या सामन्यांना मैदानाच्या कडेला उभा राहू लागला. तो उभा राहिला म्हणून अनेक जुन्या चाहत्यांनी त्या नव्या संघाला आपले म्हटले.

स्वतःच्या संसारात त्याला मैदानासारखे यश मिळाले नाही. उपाहारगृह, जमिनी असे अनेक उद्योग त्याने केले, पण १९९१ साली दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली. ज्या उजव्या हाताला लोक सोन्याचा हात म्हणत, त्या हाताची बोटे उतारवयात वळेनाशी झाली. जेवताना काटा धरणेही कठीण. अपंगत्वाच्या भत्त्यासाठी त्याने केलेला अर्ज नामंजूर झाला. ज्या खेळाला त्याने घराघरात पोचवले, त्या खेळाच्या हिशेबात त्याच्या हाताला किंमत उरली नव्हती. हे वाचताना मन खिन्न होते. टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या हातांनी याचाही विचार केला पाहिजे.

११ सप्टेंबर २००२ रोजी बाल्टिमोरजवळ व्यायाम करीत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. वय ६९. त्याच्या स्मरणार्थ काळे उंच बूट घालून खेळण्याची परवानगी इंडियानापोलिसचा तरुण क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याने मागितली. लीगने ती नाकारली. रेव्हन्सचा क्वार्टरबॅक ख्रिस रेडमन मात्र तसे बूट घालून खेळला आणि ५,००० डॉलर दंड भरून मोकळा झाला. तो लुईव्हिलचाच विद्यार्थी. पुढच्याच महिन्यात बाल्टिमोरच्या नव्या स्टेडियमसमोर युनायटसचा पुतळा उभा राहिला. कोल्ट्स निघून गेलेल्या गावात, त्या संघाशी कागदोपत्री काही संबंध नसलेल्या स्टेडियमच्या दारात!

मित्रहो, चाहत्याचे मत चंचल असते असे आपण म्हणतो, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण या कथेत चुकले कोण ते पाहा. स्टीलर्सचे तज्ज्ञ चुकले, बाकावर बसवणारे कारभारी चुकले, रातोरात गाव सोडणारा मालक चुकला. गोदीतला हमाल आणि पोलादाच्या भट्टीवरचा कामगार मात्र चुकला नाही. तो हरल्यावर शिव्या देत असेल, दुसऱ्या दिवशी पेपर फाडत असेल, पण कोण आपल्यासाठी मार खातो आणि कोण आपल्याला विकतो, हे त्याला नीट कळत होते. विक्रम मोडण्यासाठीच असतात. युनायटसचे बहुतेक मोडले, उरलेले मोडतील. पण मोठा क्वार्टरबॅक कोण, हा वाद बाल्टिमोरमध्ये जेव्हा जेव्हा निघेल, तेव्हा आकड्यांची वही उघडण्यापूर्वी हे नाव घेतले जाईल.